बसरा कोणत्या देशात

सोलापुरात मी ज्या साप्ताहिकात काम करत होतो, त्याच्या तिसऱ्या पानावर जगातल्या देशांची माहिती देणारे एक सदर होते. देशाचे नाव, राजधानी, सीमा, क्षेत्रफळ, लोकसंख्या, राज्यपद्धती, भाषा, मुख्य पीक, या क्रमाने. मजकूर एका इंग्रजी वार्षिक ग्रंथातून घ्यायचा आणि पाऊण कॉलमात बसवायचा, हे काम माझ्याकडे होते. पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. दर वर्षी नवा ग्रंथ यायचा आणि त्यात कुठल्यातरी सीमा सरकलेल्या असायच्या. आमचा जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा, विणकर घरातला होता. झेकोस्लोव्हाकियाच्या आठवड्यात तो म्हणाला, "मास्तर, हा देश एका ओळीत मावत नाही. तोडू का?"

"तोड."

"कुठं?"

"स्लोच्या आधी."

तो तोडता तोडता म्हणाला, "तोडायचाच होता तर जोडला कशाला त्यांनी?"

माझी थोरली बहीण माझ्याकडेच राहत होती. आम्ही सगळे तिला अक्का म्हणत असू. तिला वाचता येत नव्हते. अंक छापून आला की ती ते सदर माझ्याकडून वाचून घेई. पाट मांडून समोर बसे, शेवटपर्यंत ऐके आणि मग एकच प्रश्न विचारी, "ह्यात बसरा हाय का?"

बोलिव्हिया असो की डेन्मार्क, प्रश्न तोच. मी "नाही" म्हटले की ती पाट उचलून आत जाई.

तिचा नवरा रेल्वेत फिटर होता. घर कुंभारीचे, सोलापूरपासून अक्कलकोटच्या वाटेवर. युद्धाच्या शेवटच्या काळात रेल्वेची माणसे भरती करून समुद्रापलीकडे नेत होते, त्यांच्यात तो गेला. लग्नाला तेव्हा तीन वर्षे झाली होती, मूल नव्हते. गावात कुणी विचारले की उत्तर ठरलेले होते: बसऱ्याला गेलाय. आमच्याकडे त्या बाजूला गेलेला प्रत्येक माणूस बसऱ्यालाच जायचा. शिपाई, खेचरे हाकणारा, स्वयंपाकी, रूळ टाकणारा मजूर, सगळे बसऱ्याला. बगदादला मेलेला माणूससुद्धा बसऱ्याला मेला असेच लोक सांगत. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी यांना मिळून जसा विलायत हा एक शब्द होता, तसा त्या सगळ्या मुलखाला बसरा हा शब्द होता. त्यात चूक आहे असे कुणाला वाटले नाही, कारण त्यावाचून कुणाचे अडले नव्हते.

युद्ध संपल्यावर वर्षभराने त्याची खुशाली एका परतलेल्या मजुराकडून कळली. ती शेवटची. त्यानंतर काही नाही.

वडिलांनी हयात असताना लष्करी कचेरीकडे विचारणा केली होती. उत्तर आले की सदर इसमाची मुदत संपली, बसऱ्यात त्याला कामातून मोकळे केले, पुढची जबाबदारी कचेरीची नाही. वडील वारले. मग मी मुंबईच्या एका खात्याकडे अर्ज केला. तोपर्यंत बसरा तुर्कांचा राहिला नव्हता. आधी तो लष्कराच्या ताब्यात होता, मग इराक नावाच्या नव्या राज्यात गेला. वर्षाने उत्तर आले. या नावाचा इसम इराकच्या हद्दीत आढळत नाही.

त्याच सुमारास सदरात इराक आला. मी वाचून दाखवला. राजधानी बगदाद. भाषा अरबी. मुख्य पीक खजूर. राज्यपद्धती राजेशाही, ब्रिटिशांच्या देखरेखीखाली. अक्काने प्रश्न विचारला, आणि मी "व्हय, ह्यात बसरा हाय" म्हणालो. ती पाटावरून उठली नाही.

"राजा हाय म्हंतोस, आन वर सायब बी हाय?"

"हाय."

"मग माणूस हरवला तर जबाब कुणी द्यायचा? राजानं का सायबानं?"

मला सांगता आले नाही. तिने पुन्हा लोकसंख्या वाचायला लावली. मी आकडा वाचला. तो तिला मोठा वाटला की लहान, हे तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. ती म्हणाली, "येवड्यात एक माणूस घावंना त्येंला."

बेपत्ता माणसाची वाट बारा वर्षे बघायची, मग त्याला मेला समजून पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडे चाल होती. तो अग्नी दिल्यावर बायको विधवा होते. शेवटच्या खुशालीपासून बारा वर्षे भरत आली, तेव्हा अक्काची सासू बाजाराच्या दिवशी कुंभारीहून गाडीत बसून आमच्याकडे आली. म्हातारी मूळची मैंदर्गीची. माहेरची भाषा कानडी, रागात ती कानडीत शिरे. अक्का तिला रिवाजाप्रमाणे आत्याबाई म्हणे.

म्हातारीने पाणी घेतले नाही. उंबऱ्याशीच बसून म्हणाली, "धाकटीचं दुसरं लेकरू बी गेलं."

धाकटी म्हणजे अक्काची जाऊ; अक्काला ते ठाऊक होते.

"जोश्याला इचारलं. म्हनला, घरातला माणूस बिनपाण्याचा फिरतुया. सपनात येतो माज्या. दारात हुबा ऱ्हातो आन पाणी मागतो. द्यायला गेलं की न्हाई."

"तितं नदी हाय, आत्याबाई. लई मोटी नदी हाय म्हनं. पीत असतील की पाणी."

"बघाया गेली हुतीस व्हय नदीवर?"

"तुमी तरी कुटं गेलता? मेल्यालं बघितलं का कुणी?"

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. "इल्ला, इल्ला," म्हणजे नाही, नाही म्हणाली, आणि पुढे बरेच काही कानडीत बोलली. नंतर शांत होऊन मराठीत म्हणाली, "तुजं कुकू फुसायची मला हौस न्हाई, पोरी. मी त्येची आई हाय. तू वाट बगतीस, मी बी बगितली. पर आता तिसरं लेकरू हाय धाकटीच्या पोटात."

घरातली दोन मुले गेली होती आणि तिसरे यायचे होते. म्हातारी खोटे बोलत नव्हती आणि अक्काही हट्टाला पेटलेली नव्हती. एकीला मुलगा सोडवायचा होता, दुसरीला नवरा राखायचा होता, आणि माणूस एकच होता. शेवटी ठरले, शिमग्यापर्यंत थांबायचे. तोवर तो जिता असल्याचे कळले तर बरे, नाहीतर अग्नी.

त्या दिवसांत आमच्या कचेरीत कुणीतरी सांगितले की स्टेशनामागच्या वस्तीत एक मुसलमान मिस्त्री बसऱ्याहून आजारी होऊन परतला आहे. दुसऱ्याच दिवशी मी अक्काला घेऊन गेलो. मिस्त्री खाटेवर पडून होता, खोकत होता. अक्काला बघून त्याने बायकोला चटई टाकायला सांगितली.

मी विचारले, "बसऱ्यात तुम्ही कुठं होता?"

"बसरे में कौन रहता, बाबू," तो म्हणाला. मग अक्काकडे बघून मराठीत आला. "बसऱ्याला निस्तं उतरायचं. जहाज तितं लागतं. काम फुडं, आबादानला. नदीनं खाली जायाचं, पल्याडच्या अंगाला. तेलाचा कारखाना हाय. हितनं गेल्याले लई जण तितंच."

"आबादान कुठल्या देशात?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी काही विनोद केला. "देस? कंपनी का देस. पानी कंपनी का, बत्ती कंपनी की, दवाखाना कंपनी का. और क्या देस होता?"

अक्काने पदर ओढून घेतला. ती नवऱ्याचे नाव घेत नसे, म्हणून मी नाव सांगितले. मिस्त्रीने मान हलवली. तिथे नावाने कुणी कुणाला ओळखत नसे, सगळ्यांना बंबईवाले म्हणत. मग मी वर्णन सांगितले. उंच, फिटर, डाव्या भुवईवर व्रण.

"एक होता सोलापूरवाला," तो म्हणाला. "उंच होता. भुवई काय ध्यानात न्हाई. मशीन शापमदी. गावाकडनं कोन आला की इचारायचा, शेंगाची चटणी आनली का. लई पिरत होती त्येला चटणीची."

"आता कुठं आहे?"

"मी आजारी पडलो तवा होता. तीन साल झाली. आता अल्ला जाने."

तीन वर्षांमागे जिवंत. आम्ही स्टेशनच्या पुलापर्यंत चालत आलो. पुलावर थांबून कठड्याला धरून अक्का म्हणाली, "ह्येंना शेंगाची चटणी चालत नव्हती. लगीच खोकला सुटायचा."

खालून मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत अक्का तिथेच उभी होती.

"आता चालत असंल," ती म्हणाली.

कचेरीत ग्रंथ उघडून पाहिला. आबादान पर्शियात होते. बसरा आणि आबादान यांच्यात नदीतून बोटीने एका दिवसाचेही अंतर नव्हते, पण ज्या बाजूला तो शोधला गेला तो एक देश होता आणि ज्या बाजूला तो कदाचित होता तो दुसरा. एकाची राजधानी बगदाद, दुसऱ्याची तेहरान. एकात अरबी, दुसऱ्यात फारशी. एकावर ब्रिटिश देखरेख, दुसरा स्वतंत्र, तिथे शहा. इराकच्या हद्दीत इसम आढळत नाही हे उत्तर खरे होते. प्रश्न ज्या शब्दाने विचारला होता, तो शब्द आमचा होता.

मी पर्शियासाठी अर्ज लिहिला. तो मुंबईहून परत आला. पर्शिया स्वतंत्र देश असल्याने तिथल्या ब्रिटिश वकिलातीमार्फत चौकशी होईल, पण ती ब्रिटिश प्रजाजनाचीच होईल. तरी जन्मस्थानाबद्दल गावच्या पाटलाचा दाखला जोडावा. कुंभारी इंग्रजी मुलखात होती, तेव्हा हे सोपे होते. मी कुंभारीला गेलो. पाटील ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत होता. दाखला म्हणताच त्याने मान वर केली.

"त्यो हितं कुटं जलमलाय?"

"म्हणजे?"

"अवो, पैलं बाळंतपण. म्हातारीनं माहेरीच केलं की. मैंदर्गीला. पाळणा बी तितंच. सव्वा महिन्यानं आनलं पोरगं. माज्या बापानं वेशीत सामोरं जाऊन बत्तासं वाटलं हुतं."

पहिलटकरीण माहेरी जाते. आमच्याकडे हा रिवाज आहे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. मीही माझ्या आजोळी जन्मलो. पण मैंदर्गी संस्थानी मुलखात होती. सोलापूरच्या भोवती संस्थानांच्या आणि मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, हद्दी इतक्या जवळ होत्या की सकाळी गाडी जुंपली तर दुपारपर्यंत माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन बाजार करून येई, आणि त्याला आपण राज्य ओलांडले असे वाटतही नसे. दाखल्यात जन्मस्थान मैंदर्गी लिहिलेले पाहून मुंबईच्या खात्याला मात्र ते वाटले. जन्म संस्थानातला असल्याने अर्ज त्या संस्थानामार्फत यावा, संस्थानाकडून तो वरच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे जाईल, तिथून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला, आणि मग पर्शियाला.

मी हे अक्काला समजावून सांगितले. तिला ते पहिल्याच वेळी कळले.

"म्हंजी ह्ये हितं ऱ्हात हुते तवा बी परक्या देशातलेच हुते म्हना," ती म्हणाली. "आमाला कुणी सांगितलं न्हाई."

"तसं नाही."

"तसंच हाय की. आता तितं बी परके, हितं बी परके."

अर्ज संस्थानात गेला. मी दोनदा मैंदर्गीला जाऊन आलो. दोन्ही वेळा सांगितले की कागद चालता आहे. अक्काने कुंभारीला निरोप धाडला की मिस्त्रीने असा एक माणूस पाहिला आहे, कागद चालता आहे, थोडे थांबा. उलट निरोप आला की तो आपलाच याची खात्री काय, आणि धाकटीचे दिवस भरत आले आहेत. शिमगा आला.

अग्नी ओढ्याकाठी दिला. पळसाच्या देठांचा आणि पानांचा माणूस केलेला होता, डोक्याच्या जागी नारळ. अंगावर नवे धोतर घातले होते. अक्का आणि म्हातारी शेजारी शेजारी बसल्या होत्या. धाकटा दीर ओला पंचा नेसून उभा होता. भटजी अक्कलकोटकडचे, वयस्क, सावकाश बोलणारे. संकल्प सांगायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावले.

"आपण वर्तमानपत्रात असता ना? बसरा सध्या कोणत्या देशात मोडतो?"

"बसरा इराकात. पण तो बसऱ्यात नव्हता. पर्शियात असेल."

भटजींनी हातातले दर्भ खाली ठेवले. "असेल म्हणालात तर मला हे करता येणार नाही," ते म्हणाले. "होता म्हणा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. म्हातारी पाहत होती, तिच्या मागे पोट सावरत बसलेली धाकटी पाहत होती. अक्का मात्र माझ्याकडे पाहत नव्हती. ती त्या नारळाकडे बघत होती.

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

भटजींनी दर्भ पुन्हा उचलले. मग म्हणाले, "बरं. देशांतरी म्हणतो. त्यात सगळे देश आले." आणि त्यांनी जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचा दक्षिण तीर असे करत आपण कुठे बसलो आहोत ते बिनचूक सांगितले, आणि तो जिथे नाहीसा झाला त्या जागेला देशांतर म्हटले. दिराने अग्नी लावला. ओली पाने आधी नुसती धुमसली, मग पेटली.

बायका अक्काच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या. अक्काने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पोटाशी धरले. एकीने तिचा दंड ओढला. म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

"अवो, पर रीत..."

"माजं झालं. तिचं तिला ठावं. ऱ्हाऊ द्या."

त्याच संध्याकाळी अक्का माझ्याबरोबर सोलापूरला परतली, बांगड्या आणि कुंकू तसेच. म्हातारीशी तिचे पुढे कधी भांडण झाले नाही. धाकटीला मुलगा झाला आणि तो जगला. त्यामुळे कुंभारीत तो अग्नी खरा ठरला.

गल्लीत मात्र प्रश्न पडला. चैत्रात हळदीकुंकू निघाले की बायका आमच्या दाराशी येऊन थबकत. बोलवावे तर तिच्या नवऱ्याला अग्नी दिलेला, न बोलवावे तर कपाळी कुंकू. एकदा शेजारीण अर्ध्या पायरीवर थांबून म्हणाली, "अक्का, तुमचं कसं करायचं वो?" अक्का म्हणाली, "माजं काय करू नगा. फुडच्या घराला जावा." पुढे त्यांनी थबकणेही सोडले. तिच्या हाताचे लोणचे नको, तिने ओटी भरायला नको. ती कुठल्याच बाजूची राहिली नाही. ती घरातून फारशी निघेनाशी झाली, जेवण कमी झाले, आणि मी अंक आणला तरी सदर वाचायला सांगेनाशी झाली.

संस्थानातून उत्तर आले तेव्हा अग्नीला वर्ष होऊन गेले होते. त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे मैंदर्गीत, म्हातारीच्या माहेरी चौकशी केली होती. तिथल्या नातेवाइकांनी खरे तेच सांगितले: त्याचे दहन झाले आहे. सबब, सदर इसम मयत असून त्याच्या घरच्यांनी उत्तरक्रिया केली असल्याने अर्ज पुढे पाठवण्याचे कारण उरलेले नाही. अर्ज संस्थानाची हद्द ओलांडून गेलाच नव्हता.

मी ते तिला सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "आपुनच मारलं की रं," आणि चूल पेटवायला गेली.

नंतर बरेच दिवस या विषयावर घरात बोलणे झाले नाही. मिस्त्री वारला. त्याच्यानंतर आबादानहून सोलापुरात परतलेला माणूस मला भेटला नाही. तिथून मुंबईत परतलेल्या दोघांकडे चौकशी केली, पण त्यांना सोलापूरवाला कुणी आठवत नव्हता.

पुढे काही वर्षांनी तारेने बातमी आली की पर्शियाच्या सरकारने सगळ्या देशांना कळवले आहे, यापुढे आमच्या देशाला इराण म्हणावे. आम्ही ती चार ओळींत छापली. जुळारी म्हणाला, "हे बरं केलं, मास्तर. जोडाक्षर गेलं." घरी गेल्यावर, दुसरे काही बोलायला नव्हते म्हणून, मी अक्काला ते सांगितले.

ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"म्हंजी नवा देश झाला?"

"देश तोच. नाव नवं."

"सरकार?"

"तेच. शहा आहे."

"कागदावर नवं नाव लिवायचं का आता?"

"व्हय."

तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, पदराला पुसले. कित्येक वर्षांत ती माझ्यासमोर पाट घेऊन बसली नव्हती. तशी बसली.

"मग नव्यानं अर्ज कर," ती म्हणाली. "त्या देशाला कुटं ठावं हाय आपुन हितं काय केलं त्ये."

मी तिला सांगितले की वाट तीच आहे, संस्थान तेच, ज्यांनी मयत लिहिले ती कचेरीही तीच. तिने ऐकून घेतले. तवा धुरकटत होता आणि भाकरी एका बाजूने करपली होती, पण तिने उलटली नाही. मी कागद घेतला. देश, इराण. गाव, आबादान. जन्मस्थान, मैंदर्गी. अर्जदाराचे नाते या रकान्यापाशी येऊन मी थांबलो. विधवा लिहिले तर शोधायला माणूस उरत नव्हता आणि पत्नी लिहिले तर संस्थानाच्या दप्तरातला कागद ते खोटे ठरवणार होता.

"काय अडलं?" तिने विचारले.

"नातं विचारलंय."

"बायकू," ती म्हणाली. "त्यात इचारायचं काय?"

मी पत्नी लिहिले. अर्ज दुसऱ्या दिवशी टपालात पडला. त्याचे उत्तर आले नाही. अक्का त्यानंतर दोन पावसाळे जगली. आजारपणात तिने माझ्याकडून एकच कबूल करून घेतले होते, त्याप्रमाणे तिला कुंकू लावून नेले. कुंभारीचे कुणी त्याला हरकत घ्यायला आले नाही.